मानापुरत्या तीन बिया

ता. ३ जानेवारी

विहीणबाई,

वाळूकाठच्या विहिणीचा तुम्हाला कोपरापासून नमस्कार.

पत्राची घडी जपून उघडा. आत कागदाच्या पुडीत तीन बिया आहेत, खाली सांडल्या तर तुमच्या चष्म्यालाही सापडायच्या नाहीत. कलिंगडाच्या आहेत, माझ्या वडिलांच्या वाणाच्या. बाजारातलं कलिंगड पट्ट्यापट्ट्याचं असतं, हे तसलं नाही. हे काळंकुळकुळीत. फक्त जिथे फळ वाळूवर टेकून बसतं तिथे तळहाताएवढा पिवळा डाग, जसा काही उन्हाचा तुकडाच खाली दाबून बसलंय.

माझ्या लेकीनं, म्हणजे तुमच्या सुनेनं, लिहिलं होतं की सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरून कधी काही येत नाही. खाली असंही लिहिलंय की हे मी तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस. म्हणून मी सांगत नाही.

आमचं काम तुम्ही कधी पाहिलं नाही. लग्नात आलात तेव्हा नदी भरलेली होती. पाणी ओसरलं की नदीच्या पोटातली वाळू उघडी पडते. त्यात चर खणायचा, खालची ओल बोटाला लागेपर्यंत. तळाशी शेणखत, वर बी. पुढे ऊन असं तापतं की वाळूवर उघडा पाय टेकवत नाही. आणि त्याच वाळूवर दहा शेर पाणी सालीत भरून फळ गारेगार बसलेलं असतं. पन्नास वर्षं बघतेय, विहीणबाई, पण पहिलं फळ कापलं की अजून माझं तोंड उघडंच राहतं. शेजारीण म्हणते, मिटा, माशी जाईल.

लावून बघा. माझ्याकडे मडकंभर बी आहे, संकोच करू नका.

तुमची विहीण


ता. १९ जानेवारी

श्रीमती विहीणबाई यांस,

आपला कोपरापासूनचा नमस्कार पोहोचला. तसा नमस्कार ज्याचं पुन्हा तोंड पाहायचं नाही अशा माणसाला करतात, हे आपणास ठाऊक नसावं, असं धरून चालते. बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, त्यामुळे राहवलं नाही.

आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ आहे. नळ तीन दिवस गोठलेला आहे. अशा ठिकाणी कलिंगडाचं बी पाठवणं म्हणजे माशाला छत्री पाठवणं. पत्र वाचत असताना आपली लेक स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती. हसू दाबायची ती तिची रीत आहे, हे मला आता कळतं.

बिया चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत. डब्यावर चिठ्ठी लावली आहे, नाहीतर कोणीतरी उकळेल.

आपली,
विहीण


ता. २ फेब्रुवारी

विहीणबाई,

अगं बाई, त्या नमस्काराचा तसा अर्थ होतो होय! मला वाटलं, हात जोडले की कोपरापर्यंत जेवढा जास्त जोडला तेवढा मान मोठा. आता डोक्यापासून पायापर्यंत करते, त्यात काही खोट असेल तर कळवा.

गुडघाभर बर्फ! तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं ते त्या एका ओळीसाठी. म्हणजे पाणीच ना ते? आकाशातून पडतं आणि वाहून न जाता दारात उभं राहतं? आमच्याकडे पाणी दिसलं की धरायला धावावं लागतं. आणि शाळेत जाणारा शेजारचा नातू म्हणाला, आजी, तुझी नदी तिकडूनच येते, त्यांच्या डोंगरावरचा बर्फ वितळला की तेच पाणी तुझ्या वाळूखाली असतं. मी खालीच बसले हो. म्हणजे आजवर मी जी कलिंगडं पिकवली, त्यात तुमच्या अंगणातलं पाणी होतं! लेक तुमच्या घरी दिली तेव्हा मला वाटलं होतं, कुठल्या कुठे परक्या मुलखात गेली. आणि आपण तर एकाच पाण्यावर आहोत. दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत सुटले. पोस्टातला बाबू म्हणाला, आजी, हे मला सहावीत कळलं. कळलं असेल. पण दचकला होता का, विचारलं तर नाही म्हणाला. मग काय कळलं?

माझी लावणी झाली. बी कधी पेराल ते सांगते. तुमच्या खिडकीत उघडा हात ठेवून अंगाला ऊन लागतंय असं वाटलं, की पेरा. त्याआधी नको.

तुमची विहीण


ता. १० एप्रिल

विहीणबाई,

आज पत्रात गप्पा नाहीत. थोड्या असतील, सवय आहे.

मागच्या महिन्यात, भर दुपारी, वर कडक ऊन, आभाळात ढगाचा टिपूस नाही, आणि नदी चढली. मी वेलींना वाळूचा आडोसा करत होते. आधी पायाला गार लागलं. बघते तर चरातून पाणी वर येतंय. मी टोपली उचलली आणि काठावर आले, वळून पाहिलं तोवर वेली पाण्यावर तरंगत होत्या, फुलांसकट, जशा काही फिरायलाच निघाल्यात. लोक म्हणाले, वर डोंगरात एकदम ऊन तापलं, बर्फ वेळेआधी वितळला. तुमचा बर्फ पाहुणा म्हणून आला आणि ताटासकट जेवून गेला. रागानं नाही लिहीत. इतकं मोठं पाणी, आवाज न करता येतं, हे बघून मी रडायचंच विसरले.

आता खरं सांगते. मडकंभर बी नव्हतं. गेल्या पावसात मडक्यात ओल शिरली, सगळं बी कुजलं, दहा बिया तेवढ्या धडक्या निघाल्या. त्यासुद्धा ओल लागलेल्या. आणखी वर्ष काढतील असं वाटेना, म्हणून यंदाच लावायच्या होत्या. चार मी ठेवल्या. तीन समुद्राकाठी मिठागरावर माझा भाऊ असतो त्याला दिल्या. आणि तीन तुम्हाला.

भावाचं पत्र आलं. तिकडच्या दमट हवेत वेली अशा माजल्या की छपरावर चढल्या, पानं ताटाएवढी, आणि एक दिवस मुळाशी सडून सगळ्या आडव्या. फळ एकही नाही.

तुम्हाला पाठवल्या त्या मानापुरत्या, विहीणबाई. तुम्ही म्हणाला होतात ना, माहेरून काही येत नाही म्हणून. (हे मी लिहिलं नाही असं समजा.) उगवतील म्हणून नाही पाठवल्या. म्हणजे बर्फात टाकल्यासारख्याच. आता वडिलांचा वाण जगात कुठे उरला असेल, तर तुमच्या चहाच्या डब्यात.

त्या फेकल्या तर नाहीत ना? एवढंच कळवा. फेकल्या असतील तरी कळवा.

तुमची विहीण


ता. २१ एप्रिल

विहीणबाई,

फेकल्या नाहीत. मी शाळामास्तरीण आहे, आलेल्या वस्तूची नोंद केल्याशिवाय काही फेकत नाही.

मानापुरत्या पाठवल्याचं वाचून पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कमी आला. मग मला माझ्या अंगणाकडे बघवेना. मार्चात तो बर्फ दोन दिवसांत गेला तेव्हा आम्ही खुर्च्या बाहेर टाकून ऊन खात बसलो होतो. किती छान, म्हणत होतो.

आता हकिकत ऐका. खिडकीत हात धरून पाहिलं, तुम्ही सांगितलं तसं. (मुलानं विचारलं, आई, कोणाला टाटा करतेस?) सव्वीस मार्चला ऊन लागलं. पत्र्याचा जुना टब होता, त्यात माती आणि बरीच वाळू घालून स्वयंपाकघराच्या भिंतीशी बाहेरून ठेवला. पलीकडून शेगडीची ऊब येते. शाळेच्या मोडक्या खिडक्या टाकून देणार होते, त्या आणून टबाभोवती काचेची खोली केली. आत काळे दगड मांडले, दिवसभर तापतात.

एक बी कुजली. एकीला कोंब आला, तो गोगलगायीनं खाल्ला. तिसरी उभी आहे. आज तिला चार पानं आहेत.

मानापुरतं आलेलं मी मानानं वाढवीन. पुढे काय करायचं ते सविस्तर लिहा. आणि पूर्णविराम देत जा, तुमचं पत्र वाचताना दम लागतो.

तुमची विहीण


ता. १ मे

विहीणबाई,

चार पानं! मी पत्र घेऊन नदीवर गेले आणि नदीला वाचून दाखवलं. म्हटलं, ऐक, तू नेलंस ते तुझ्याच माहेरी उगवलंय. बघा, पूर्णविराम दिला.

आता नीट ऐका. आधी येतील ती सगळी नराची फुलं. देठावर नुसता डौल, खाली काही नाही. त्यांना बघून हुरळू नका. मग मादीचं फूल येईल, त्याच्या खाली हरभऱ्याएवढं केसाळ कलिंगड आधीच लागलेलं असतं. लग्नाआधीच! कोणाला सांगू नका. इकडे माशा काम करतात, तुमच्या काचेत कुठल्या यायला? तेव्हा तुम्हीच करायचं. ऊन चढायच्या आत नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला अलगद टेकवायची. बाळाच्या गालाला बोट लावतो तेवढंच. चार दिवसांत ते केसाळ मान खाली घालतं. घातली की समजा, राहिलं. मान वर ठेवून पिवळं पडलं तर गेलं.

एकच फळ ठेवा, बाकी खुडा. जीव तुटेल, पण खुडा.

आणि पिकल्याची खूण. फळाच्या देठाशी वेलीला एक कुरळी तार असते, बाळाच्या जावळासारखी. ती हिरवी आहे तोवर फळाला हात लावायचा नाही. कुरळी वाळली की फळ पिकलं. वडील म्हणायचे, बी सगळ्यात शेवटी पिकतं, आधी तोडलं तर खायलाही नाही आणि पेरायलाही नाही.

विचार करून थक्क होते मी. नखाएवढ्या बीला, नदी कधी न पाहिलेल्या टबात बसून, काळं व्हायचं हे ठाऊक असेल का?

तुमची विहीण


ता. ११ सप्टेंबर

विहीणबाई,

मधली तीन पत्रं धावती लिहिली. कारण सांगायला धीर होत नव्हता. फळाला नजर लागेल असं वाटत होतं, आणि मी जन्मात नजरबिजर मानली नाही.

ते काळं झालं! जुलैत हिरवं होतं, मी मनात म्हटलं, बाईंचा वाण इथे बाटला. ऑगस्टात एका सकाळी बघते तर गडद, आणि पुढच्या आठवड्यात पाटीसारखं काळं. खाली पिवळा डाग. नारळापेक्षा थोडं मोठं आहे. नात रोज शाळेत जाताना त्याला ‘येते हं’ म्हणून जाते. खरं सांगू, मीही म्हणते.

आणि आता बातमी. बुधवारी इथे यंदा पहिल्यांदा दहिवर गोठलं, गवत पांढरं झालं होतं. त्या सकाळी पाहिलं तर कुरळी पूर्ण वाळलेली! आदल्या दिवशी हिरवी होती. तुमच्या सूचनेप्रमाणे मी ताबडतोब फळ तोडलं. टिचकी मारली तर आवाज अगदी टणटणीत आला, म्हणजे निकोप असणार. वीस तारखेला रविवार आहे, त्या दिवशी अकरा वाजता कापणार. आळीतली सगळी माणसं येणार आहेत. इथे पिकलेलं कलिंगड कोणी पाहिलेलंच नाही, सगळे विचारतात, आतून खरंच लाल असतं का?

बिया धुऊन, वाळवून, मोजून पाठवते.

तुमची विहीण


तार. ता. १९ सप्टेंबर

कापू नका. कच्चं आहे. अख्खं उबेत ठेवा. विहीण.


ता. १९ सप्टेंबर

विहीणबाई,

तार केली, आता हे पत्र. तार वेळेत पोहोचली की नाही हे देव जाणे. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

चूक माझी. तुम्ही मी सांगितलं तस्संच केलंत. कुरळी वाळली की पिकलं, हे माझ्या वाळूतलं शास्त्र. इथे तिला वाळवायला ऊन असतं, दुसरं कोण येणार? थंडीनं पण कुरळी वाळते, हे मला कसं सुचावं? मी जन्मात गवत पांढरं झालेलं पाहिलं नाही! तुमची कुरळी पिकून नाही वाळली, गारठून वाळली. आणि आवाज! तो सांगायचाच राहिला. टणटणीत वाजतं ते कच्चं. पिकलेलं बद्द वाजतं, गादीवर थोपटल्यासारखं. मी अर्धीच विद्या दिली, आणि तुम्ही पूर्ण विश्वास ठेवलात.

वडिलांच्या वेळी एकदा गुरं शेतात शिरली, फळं देठापासून तुटली. वडिलांनी ती कापू दिली नाहीत. अख्खी घरात ठेवली, चुलीमागे, तीन आठवडे. म्हणायचे, वेलीपासून तुटलं तरी फळाच्या पोटातलं लेकरू थोडा वेळ दूध पितं, गरातलं पितं. गर काही गोड झाला नाही. पण काही बिया पिकल्या.

सगळ्या नाही. काही.

कापलं असेल तर तुम्हाला बोल नाही. तुम्ही ते काळं केलंत, तिथवर आणलंत, डोंगरावर! पाच लोकांत सांगायला मला तेवढं पुष्कळ आहे. खोटं लिहिलं. पुष्कळ नाही. पण बोल नाही.

तुमची विहीण


ता. १३ ऑक्टोबर

विहीणबाई,

रविवारी पावणेअकराला एकोणीस माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन आमच्या अंगणात बसली होती. टेबलावर पांढरा कपडा, कपड्यावर फळ, फळाशेजारी सुरी. तेवढ्यात तारवाला धापा टाकत आला. त्यानं तार वाचलेली होती, हे उघड होतं, कारण दारातूनच ओरडला, “बाई, थांबा! कोणाला कापताय?”

मी तार वाचली. मग आळीला म्हटलं, “आज नाही. आपापल्या खुर्च्या घ्या आणि घरी जा.” न्हावी म्हणाला, “अहो, निदान टिचकी तरी मारू द्या.” एकोणीस जणांनी रांगेनं टिचकी मारली आणि गेले. तुमची लेक तोंडावर हात धरून आत पळाली. भांडी बराच वेळ वाजली.

फळ शालीत गुंडाळून शेगडीमागे ठेवलं. बावीस दिवस. रोज थोडं फिरवलं. काल कापलं, फक्त आम्ही घरचे.

गर फिका गुलाबी. चव सांगू का? पाणी पिताना कोणी शेजारच्या खोलीत साखरेचा डबा उघडावा, तशी. बिया एकशे पंचवीस. पैकी एकशे बारा पांढऱ्या, बोटानं दाबल्या की चपट्या होतात. मी एकेक बाजूला करत गेले. शंभर झाल्या, पांढऱ्याच. माझ्याच्यानं पुढे बघवेना, म्हणून नातीला बसवलं. ती म्हणाली, “आजी, ही रागावलेली आहे.” बघते तर तपकिरी. कडक. नखाला दाद देत नव्हती. मग आणखी एक. मग आणखी.

तेरा आहेत, विहीणबाई. जो प्राण देठापासून तुटला होता, त्यानं शालीत बसून तेरा बिया पुऱ्या केल्या. मी बत्तीस वर्षं मुलांना ‘अचंबा’ हा शब्द वाक्यात वापरायला सांगत आले. सगळ्या वाक्यांवर मी बरोबरची खूण केली. आता वाटतं, एकही बरोबर नव्हतं.

नऊ सोबत पाठवते. चार माझ्या डब्यात, चिठ्ठीसह. पाण्याचा भरवसा नाही, आणि आपण दोघींनी एकाच मडक्यात ठेवू नये.

डोक्यापासून पायापर्यंत नमस्कार.

तुमची विहीण


ता. २९ जानेवारी

विहीणबाई,

तुमच्या पुडीला मी जवळजवळ तीन महिने उशाशी घेऊन झोपले. शेजारीण म्हणाली, दागिना आहे का? म्हटलं, विहिणीनं दिलेलं आहे, दागिन्याहून नाजूक, रुसतंसुद्धा.

नदी यंदा वेळेवर खाली बसली. पाण्यापासून लांब, उंच वाळू बघून सात बिया लावल्या. दोन ठेवल्या, मडक्यात नव्हे, चहाच्या डब्यात. शिकते मी पण.

माझं बी पाचव्या दिवशी वर येतं. पाचव्या दिवशी पहाटे गेले, काही नाही. सहाव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी बोट घालून उकरायला गेले आणि माझाच हात माझ्याच हातानं धरला. आठव्या दिवशी गेलेच नाही. घरी बसून लसूण सोलला, पुढच्या आठवड्याचासुद्धा.

काल नववा. वाळूला एक बारीक तडा गेला होता, केसाएवढा. मी गुडघ्यावर बसले. आणि बघता बघता, खोटं नाही सांगत, वाळूचा एक कण कलंडला आणि खालून डोकं वर आलं. डोक्यावर ती तपकिरी टोपी तशीच. तुमच्या शेगडीमागे विणलेली! मी तिथेच बसून राहिले, पायाला मुंग्या आल्या तरी उठवेना. डोंगरावर जाऊन आलं हे बी, विहीणबाई. मी नाही गेले कधी. बर्फ शेजारी ठेवून वाढलं, तुटलं, शालीत निजलं, टपालाच्या पिशवीतून उतरलं, आणि इथे वाळूत त्याला बरोब्बर ठाऊक, वर कुठे आहे.

आज सकाळी आणखी तीन टोप्या. चार झाल्या. उरलेल्या तिघी येतील तेव्हा येतील, मी लसूण आणून ठेवलाय.

आता कामाचं. पहिलं फळ तुमचं. मानापुरतं नव्हे. इथे कुरळी वाळेल, मला आवाजही कळेल, तरी मी ते तोडणार नाही. तुम्ही यायचं, वाळूत बसायचं, टिचकी मारायची, आणि बद्द वाजलं असं तुम्ही म्हणालात की मग देठाला हात. नाही आलात तर वेलीवरच राहील, मग तुम्ही आणि तुमचा न्याय. न्हाव्यालाही आणा, त्याची टिचकी फुकट गेलीय.

आणि एक. लेकीनं लिहिलंय की गेल्या वर्षी एप्रिलभर आणि पुन्हा सप्टेंबरात सासूबाई आपली गरम पाण्याची पिशवी काचेच्या त्या खोलीत वेलीशेजारी ठेवायच्या, आणि स्वतः दुखरे गुडघे धरून बसायच्या. हे तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस, असंही लिहिलंय. म्हणून मी सांगत नाही.

फक्त एवढंच, येताना ती पिशवी घरीच ठेवून या. इथली वाळू दुपारी अशी तापते की त्यात पाय पुरून बसलात तर गुडघे तुमचं ऐकायला लागतील.

तुमची विहीण